चुबुतच्या पाटांवरचं वेल्स : माद्रिन ते त्रेवेलिन

अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, पॅटागोनियातल्या चुबुत प्रांतात, 1865 पासून वेल्श माणसांची वस्ती आहे. इथे जायला ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा निवडावा. चुबुतचा आइस्तेदवोद, म्हणजे कविता, गायन, पठण आणि नृत्य यांच्या स्पर्धांचा उत्सव, त्रेलेव गावात याच सुमारास भरतो. दक्षिण गोलार्धातला वसंत तेव्हा भरात असतो. खोऱ्यातल्या पाटांना पाणी सुटलेलं असतं, पुएर्तो माद्रिन या बंदराच्या आखातात देवमासे अजून मुक्कामाला असतात आणि अँडीजच्या पायथ्याशी त्रेवेलिनला ट्यूलिपची शेतं फुललेली असतात.

दुसरा चांगला मुहूर्त 28 जुलैचा. पहिलं जहाज लागलं तो हा दिवस. त्या दिवशी प्रांताला सुटी असते आणि चॅपेलांमधून, म्हणजे वेल्श प्रार्थनाघरांमधून, येईल त्याला चहा मिळतो. पण तेव्हा कडाक्याची थंडी असते, दिवस लहान असतो आणि शेतं उघडी असतात.

भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर नियम सैल आहेत, पण ते बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. ब्वेनोस आयरेसहून त्रेलेवला विमानाने साधारण दोन तास लागतात.

मंगळवार : पुएर्तो माद्रिन

विमानतळाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर वारा भेटतो आणि तो पुढे अँडीजपर्यंत सोबत करतो. छत्री इथे कुचकामी आहे. कानावरून घट्ट बसणारी टोपी आणि गळ्यापर्यंत चेन असलेलं विंडचीटर आणावं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा बरोबर ठेवावा, कारण वाऱ्याबरोबर बारीक माती उडते.

पहिली भेट पुंता क्वेवासची. शहराच्या मध्यापासून किनाऱ्याने दक्षिणेला चालत गेलं की मऊ, पांढुरक्या दगडाचे कडे लागतात. 28 मे 1865 ला लिव्हरपूलहून सुटलेलं मिमोसा नावाचं जहाज दोन महिन्यांनी इथे लागलं. मुळात चहा वाहणारं हे जहाज, त्यातून सुमारे दीडशे माणसं आली होती. खाणकामगार, शिंपी, सुतार, धर्मोपदेशक असे सगळे होते, शेती जाणणारे मात्र फार थोडे. कड्याच्या पायथ्याशी खणलेल्या खळग्यांचे अवशेष अजून दिसतात. त्यांवर फळ्या टाकून तात्पुरता निवारा केला होता. शेजारीच उतरण्याच्या घटनेचं छोटं संग्रहालय आहे. ते बहुधा दुपारनंतर उघडतं. भरतीच्या वेळी कड्याखालची वाळू पाण्याखाली जाते, म्हणून खाली उतरायचं असेल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं.

कड्यावर तेवेल्चे या इथल्या मूळ जमातीच्या माणसाचा पुतळा समुद्राकडे पाहत उभा आहे. गावातल्या किनाऱ्यावर वेल्श स्त्रीचं स्मारक आहे. दोन्ही शिल्पं लुईस पेर्लोत्ती यांची, 1965 च्या शताब्दीला उभारलेली. ती लागोपाठ पाहावीत. ही जमीन रिकामी नव्हती. तेवेल्चे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे उंटाच्या कुळातल्या गुआनाको प्राण्यांच्या आणि शहामृगासारख्या र्‍हिआ पक्ष्यांच्या मागे फिरत होते. 1866 मध्ये त्यांची आणि नव्या वस्तीची गाठ पडली, आणि मग पाव देऊन मांस-कातडी घेण्याचा व्यवहार सुरू झाला. दोरीला दगड बांधून ते फेकून शिकार कशी करायची हे तेवेल्चेंनीच वेल्श तरुणांना शिकवलं. पहिली काही वर्षं वस्ती तगली त्यात या शेजाराचा वाटा मोठा आहे, आणि खोऱ्यातली म्हातारी माणसं ते आवर्जून सांगतात.

इतक्या लांब येण्याचं कारण भाषा. इंग्लंडच्या दाबाखाली शाळा, चर्च आणि कचेरीतून वेल्श हद्दपार होते आहे, तेव्हा कोणाचीच सत्ता पोचलेली नाही अशा ठिकाणी आपलं गाव वसवावं, हा बाला गावच्या मायकेल डी. जोन्स यांचा विचार. लुईस जोन्स आणि लव्ह जोन्स-पॅरी आधी येऊन जागा पाहून गेले. त्यांनी रंगवलेलं हिरवं चित्र आणि प्रत्यक्षातलं काटेरी माळरान यांत फार अंतर होतं. आखातावर गोडं पाणी नव्हतं. चुबुत नदीपर्यंत सुमारे 60 किलोमीटर कोरडा माळ तुडवत पुरुष गेले, आणि बायका-मुलांना लहान गलबताने नदीच्या मुखाशी नेलं.

संध्याकाळी एल दोरादियोच्या किनाऱ्यावर जावं. शहराच्या उत्तरेला कच्च्या रस्त्यावर हा किनारा आहे. भरतीच्या सुमारास देवमाशीण पिल्लाला घेऊन अगदी काठाजवळ येते, बोटीचं तिकीट न काढताही ती दिसते.

बुधवार : त्रेलेव

माद्रिन ते त्रेलेव 65 किलोमीटर. बस सतत असतात आणि तासाभरात पोचवतात. खोऱ्यातला गहू बंदरापर्यंत नेण्यासाठी 1886 मध्ये इथे रेल्वे घालायला घेतली आणि तिच्या टोकाला हे शहर उगवलं. नाव लुईस जोन्स यांच्यावरून. रेल्वे 1961 मध्ये बंद झाली. जुन्या स्टेशनात आता शहराचं संग्रहालय आहे. त्यात अर्धा तास पुरतो, पण तिथला शिवण-टिपणाचा आणि घरगुती सामानाचा विभाग घाईत सोडू नये. एजिदिओ फेरुग्लिओ जीवाश्म संग्रहालयात पाटागोटायटन या महाकाय डायनोसॉरची माहिती आहे. मुलं बरोबर असतील तर त्याला वेगळी सकाळ ठेवावी.

वेल्श वारशासाठी त्रेलेवमधली खरी जागा म्हणजे शहराच्या कडेला असलेलं मोरिआ चॅपेल. 1880 ची विटांची साधी इमारत, वर पन्हळी पत्रा. शेजारच्या दफनभूमीत मिमोसातून आलेल्या अनेकांच्या कबरी आहेत आणि 1904 मध्ये वारलेले लुईस जोन्सही तिथेच आहेत. जुने शिलालेख वेल्शमध्ये, मधल्या पिढ्यांचे वेल्श आणि स्पॅनिश मिश्र, अलीकडचे स्पॅनिशमध्ये. आडनावं मात्र तीच : जोन्स, एव्हान्स, रॉबर्ट्स, विल्यम्स.

चॅपेल आतून पाहायचं तर आधी ठरवावं लागतं. खोऱ्यात अशी डझनाहून अधिक चॅपेलं आहेत आणि प्रार्थना किंवा कार्यक्रम नसेल तेव्हा बहुतेकांना कुलूप असतं. किल्ली जवळच्या घरात असते. गावच्या पर्यटन कचेरीत किंवा गाइमानच्या संग्रहालयात सकाळी विचारलं तर ते फोन लावून देतात. दुपारी एक ते चार विचारू नये. त्या वेळी दुकानं आणि कचेऱ्या बंद असतात आणि लोक झोपलेले असतात. रात्रीचं जेवण नऊनंतरच मिळतं.

आतली मांडणी सगळीकडे सारखीच आहे. दणकट लाकडी बाकं, समोर मधोमध उंच व्यासपीठ, क्रूस नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. छताला लाकडी फळ्या मारलेल्या असतात. इथे गाणं हीच उपासना आहे आणि खोली त्यासाठीच बांधलेली आहे. टाळी वाजवून पाहिलं की आवाज किती गोलाकार परततो ते कळतं.

गुरुवार : गाइमान, आणि चहा

त्रेलेवहून 17 किलोमीटरवर गाइमान. 1874 मध्ये वसलेलं, चिनार आणि विलोच्या रांगांत दडलेलं गाव. त्याच वर्षीचं पहिलं दगडी घर अजून उभं आहे. दार इतकं बुटकं की वाकून आत जावं लागतं. जुन्या रेल्वे स्टेशनात वेल्श इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथून चार पावलांवर रेल्वेचा बोगदा. तो सुमारे 300 मीटर लांब आणि वळणाचा आहे, मध्ये काही अंतर दोन्ही टोकं दिसत नाहीत. पायी जाता येतं.

नदीपलीकडे बेथेल चॅपेल, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. गावात कामवी शाळा आहे. 1906 मध्ये सुरू झालेली ही पॅटागोनियातली पहिली माध्यमिक शाळा. सरकारी शिक्षण स्पॅनिशमधून सक्तीचं झाल्यावर वेल्श घरात, चॅपेलात आणि अ द्रावोद या वर्तमानपत्रात उरली. हे पत्र लुईस जोन्स यांनी 1891 मध्ये सुरू केलं. विसाव्या शतकाच्या मध्याला मुलं आजीशी वेल्श आणि आपसांत स्पॅनिश बोलू लागली होती. 1997 पासून वेल्सहून दरवर्षी शिक्षक येतात. त्रेलेवला 2006 मध्ये आणि त्रेवेलिनला 2016 मध्ये द्वैभाषिक शाळा निघाल्या. आज वर्गात बसणारी बरीच मुलं इटालियन, स्पॅनिश किंवा मापुचे या मूळ रहिवाशांच्या वंशाची आहेत. वारसा रक्तावर न ठेवता शाळेवर सोपवला, हे इथल्या लोकांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे.

गाइमानचा चहा दुपारी दोनच्या पुढे सुरू होतो आणि सातपर्यंत चालतो. प्लास इ कोइद हे 1944 पासूनचं सर्वांत जुनं चहाघर. ती ते कायरदीद या चहाघरात 25 नोव्हेंबर 1995 ला राजकुमारी डायना येऊन गेल्या, त्यामुळे पर्यटकांच्या बस तिथे थांबतात. गर्दी टाळायची तर गावातल्या लहान चहाघरांत जावं.

ठरावीक दर देऊन बसलं की विणलेल्या टोपरात गुंडाळलेली किटली येते, आणि पाठोपाठ ताटल्या. घरचा पाव आणि लोणी, गरम स्कोन, दोन-तीन मुरंबे, चीज, सायीचा टार्ट, सफरचंदाचा टार्ट, फळांचा केक, आणि शेवटी तोर्ता नेग्रा, काळा केक. चहा संपला की किटली पुन्हा भरून मिळते. भूक ठेवून जावं. दोघांत एक मागवावा असं वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी माणशी आकारणी असते, म्हणून बसण्याआधी विचारावं. उरलेलं बांधून देतात.

शाकाहाऱ्यांना अर्जेंटिनात इतर कुठल्याही जेवणापेक्षा हा चहा सोयीचा. तरी तीन गोष्टी विचाराव्यात. सँडविचमध्ये हॅम असतं. साध्या पावात आणि तळलेल्या तोर्ता फ्रीतात गाईच्या चरबीचा वापर होतो, त्यासाठी "सिन ग्रासा" असं सांगावं. काळ्या केकात अंडी आणि मद्य दोन्ही असतात.

या काळ्या केकाची जन्मकथा गरिबीत सांगितली जाते. घरात होतं नव्हतं ते, काळी साखर, मध, सुका मेवा, एकत्र करून टिकेल असं काही तरी भाजलं. लग्नात तो मानाचा. वरचा थर पत्र्याच्या डब्यात बंद करून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी राखून ठेवतात. प्रत्येक घरचं प्रमाण निराळं. सर्वसाधारण बेत असा :

लोणी 250 ग्रॅम आणि गडद तपकिरी साखर 250 ग्रॅम हलकं होईपर्यंत फेटायचं. 4 अंडी एकेक करून घालायची. दोन मोठे चमचे मध. मैदा 400 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 लहान चमचे, दालचिनी, जायफळ आणि थोडी लवंग पूड एकत्र चाळून घ्यायची. मनुका 250 ग्रॅम, अक्रोड 150 ग्रॅम, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली 150 ग्रॅम. मनुका आदल्या रात्री अर्धा कप रम किंवा कोन्याकमध्ये भिजवायच्या. साचा 24 सेंटिमीटरचा, आत दुहेरी कागद. भट्टी 150 अंशांवर, साधारण पावणेदोन तास.

चुका ठरलेल्या आहेत. मेवा तळाशी बसतो तो पीठ पातळ झाल्यामुळे किंवा मनुका न निथळता घातल्यामुळे. म्हणून मनुका निथळून, मूठभर मैद्यात घोळवून शेवटी मिसळायच्या. वरून तडकतो आणि आत कच्चा राहतो तो भट्टी जास्त तापल्यामुळे. तासाभराने वर कागद झाकला की हे टळतं. आणि सर्वांत मोठी चूक, त्याच दिवशी कापणं. पूर्ण निवल्यावर कागदात गुंडाळून डब्यात किमान आठवडाभर ठेवला तरच मसाला मुरतो आणि सुरीखाली भुगा होत नाही. विकत घ्यायचा तर पत्र्याच्या डब्यातला घ्यावा, मुंबईपर्यंत सुखरूप येतो.

शुक्रवार सकाळ : दोलावोन आणि पाट

दोलावोन गाइमानच्या पश्चिमेला, बसने पाऊण तासाच्या आत. प्रवासी कमी येतात. पाटाच्या काठाने विलोची झाडं, पाण्यात हळूहळू फिरणारी रहाटचाकं आणि विटांची जुनी पिठाची गिरणी. महाराष्ट्रातल्या बागायतदाराला इथे सगळं ओळखीचं वाटेल.

गोष्ट अशी. खोरं सुमारे 80 किलोमीटर लांब आणि अरुंद. पाऊस वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर. पहिल्या दोन पेरण्या पावसाच्या भरवशावर केल्या, त्या करपल्या. वस्ती मोडायच्या बेतात होती. 1867 मध्ये आरॉन आणि रेचेल जेन्किन्स या जोडप्याच्या ध्यानात आलं की भरलेल्या नदीची पातळी मागच्या शेतापेक्षा उंच आहे. काठ थोडा कापून चारी काढली तर पाणी आपसूक उतारानं येईल. त्यांनी तसं केलं आणि त्या रानातला गहू पिकला. पुढची काही दशकं सगळं खोरं खोदण्यात गेली. वरच्या अंगाला नदीतून पाट काढायचा, तो खोऱ्याच्या कडेने नदीपेक्षा सौम्य उतारावर न्यायचा, म्हणजे जसजसं खाली जावं तसतसा पाट नदीच्या वर राहतो आणि मधली सगळी जमीन भिजते. पंप लागत नाही.

आजही तेच पाट चालू आहेत. पाणी साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत सुटतं. हिवाळ्यात पाट कोरडे करून गाळ उपसतात. वाटप पाळीने होतं, शेताच्या तोंडाशी लाकडी किंवा लोखंडी दार असतं आणि पाळीच्या वेळेला शेतकरी ते उचलतो. जिथे जमीन पाटापेक्षा उंच आहे तिथे रहाटचाक. प्रवाहाच्या जोरावर ते फिरतं, कडेच्या डब्यांनी पाणी वर उचलतं आणि पन्हळीत ओततं. चाक अडतं ते गवतामुळे. म्हणून वरच्या बाजूला जाळी लावून ती रोज साफ करावी लागते.

दुखणी दोन. पहिलं पूर. जुलै 1899 च्या पुरात गाइमान आणि रॉसनची घरं वाहून गेली. विटा मातीत बसवलेल्या असल्याने पाणी दोन-तीन दिवस थांबलं की भिंती खचत. 1902 मध्ये कंटाळून काही कुटुंबं थेट कॅनडाला निघून गेली. 1963 मध्ये वरच्या अंगाला फ्लोरेंतिनो आमेगिनो धरण झालं आणि मोठे पूर आटोक्यात आले. दुसरं दुखणं क्षारांचं. निचऱ्याच्या चाऱ्या न काढता वर्षानुवर्षं पाणी दिलं की भूजल वर येतं, ऊन-वाऱ्याने पाणी उडतं आणि पांढरा थर मागे राहतो. दोलावोनच्या आसपास सखल शेतांत चोपण झालेल्या अशा पट्ट्या उघड दिसतात. एका शेतकऱ्याने निचऱ्याची चारी दाखवताना सांगितलं की ती मुख्य पाटाइतकीच खोल ठेवावी लागते, पण तिच्या सफाईला माणसं सहज येत नाहीत.

पाण्याच्या या व्यवस्थेमुळे पहिल्यापासून बैठका, मतदान, वर्गणी, हिशेब यांची सवय लागली. वस्तीच्या स्वतःच्या कारभारात 18 वर्षांवरच्या स्त्री-पुरुष दोघांनाही मत होतं. आणि कामाची भाषा वेल्श होती.

शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र : आइस्तेदवोद

कार्यक्रम त्रेलेवला क्रीडासंकुलाच्या मोठ्या हॉलमध्ये होतो. दुपारी लहान मुलांपासून सुरुवात, रात्री उशिरापर्यंत मोठे वृंदगायन. तिकीट स्वस्त, दिवसभर आत-बाहेर करता येतं. मात्र कुणी मंचावर असताना दारं बंद ठेवतात, दोन स्पर्धकांच्या मधल्या वेळात शिरावं. खुर्च्या कडक आहेत, बसायला घडी केलेली शाल न्यावी. रात्री हॉल गार पडतो.

सूत्रसंचालन वेल्श आणि स्पॅनिशमध्ये. पठणाच्या स्पर्धा दोन्ही भाषांत वेगळ्या. एकाच दिलेल्या कवितेचं पठण दहा मुलं करतात. मग परीक्षक उठून, कोणाचा श्वास कुठे तुटला, कोणी अर्थाआधीच आवाज चढवला, हे सगळ्यांसमोर सांगतात, आणि नंतर क्रमांक. हे जाहीर परीक्षण ऐकायला लोक थांबतात. गायनात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची अडचण ठरलेली आहे. वेल्शमधला, जीभ टाळूला लावून कडेने हवा सोडायचा "ल्ल" त्यांना जड जातो. शिक्षिका त्यासाठी फुंकर मारण्याचा सराव करून घेतात. वृंदात गाणाऱ्या कित्येकांना वेल्श बोलता येत नाही. ते उच्चार स्पॅनिश लेखनपद्धतीने लिहून घेऊन पाठ करतात, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांतले काही भाषेच्या वर्गात दाखल होतात.

मानाचे पुरस्कार दोन. वेल्श कवितेला खुर्ची, स्पॅनिश कवितेला मुकुट. खुर्ची खरी असते, सुतारकाम केलेली, आणि कवी ती घरी नेतो. कविता टोपणनावाने पाठवायची, खरं नाव बंद पाकिटात. परीक्षक व्यासपीठावरून समीक्षा वाचतात आणि टोपणनाव पुकारतात. तुतारी वाजते, दिवे मंदावतात, आणि प्रेक्षकांत बसलेला माणूस उठून उभा राहतो. तोपर्यंत शेजाऱ्यालाही कल्पना नसते. त्याला मंचावर आणून डोक्यावर तलवार धरतात आणि अर्धी म्यानाबाहेर काढून विचारतात, "आ ओइस हेदुख?", शांतता आहे का? सगळा हॉल ओरडतो, "हेदुख!" असं तीनदा. मग तलवार पूर्ण म्यानात जाते आणि कवी खुर्चीत बसतो. लायक कविता आली नाही तर खुर्ची कोणालाच देत नाहीत, हा आइस्तेदवोदचा जुना दंडक आहे.

या स्पर्धेला खंडही पडला होता. आजचा उत्सव 1965 च्या शताब्दीला नव्याने सुरू झाला, आणि कवींचं मंडळ, गोर्सेद, 2001 मध्ये पुन्हा उभं राहिलं. त्याचा विधी गाइमानला उभ्या दगडांच्या वर्तुळात होतो. त्याची वेळ कार्यक्रमपत्रिकेत पाहून ठेवावी, कारण तो त्रेलेवला नसतो आणि अनेकांचा हुकतो.

दोन दिवस हॉलमध्ये काढल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. इथली वेल्श केवळ आठवणीवर जगलेली नाही. दरवर्षी ऑक्टोबर येतो, तोपर्यंत कविता पाठ झालेली हवी, वृंद सुरात हवा, पोशाख शिवून तयार हवेत. तारीख ठरलेली असल्यामुळे मार्चपासून तालमी लागतात, आणि तालमींमुळे भाषा जिभेवर राहते. परदेशात आपली मंडळं चालवणाऱ्या मराठी माणसांनी हा उत्सव जरूर पाहावा, आणि पाहताना परीक्षकांचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं.

रविवार : गमान्वा गानी

उत्सवानंतर चॅपेलात सामूहिक भजनगायन होतं, त्याला गमान्वा गानी म्हणतात. प्रवेशाला तिकीट नाही. बाकं आवाजाप्रमाणे वाटलेली असतात : सोप्रानो, आल्तो, टेनर, बास. दारात विचारून आपल्या गटात बसावं. गाता येत नसेल तर मागे. भजनसंग्रहाच्या जुन्या प्रतींत पाच रेषांची नोटेशन नसते, डो-रे-मीची अक्षरं, मधे टिंबं आणि रेघा असतात. आपल्या सारेगमप्रमाणेच षड्ज कुठेही धरता येतो, त्यामुळे संगीत न शिकलेल्या शेतकऱ्यांनाही चार आवाजांत गाता आलं. भातखंडे पद्धतीची ओळख असलेल्याला पंधरा मिनिटांत ओळ वाचता येते.

संचालक कडव्यामध्ये थांबवतो, बासना ओरडतो, शेवटची ओळ पुन्हा घ्यायला लावतो. आवडलेली ओळ तीन-चार वेळा होते. मग बाहेर आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मेंढीचं मांस, आणि पाठोपाठ पुन्हा चहा.

सोमवार : 25 क्रमांकाचा रस्ता

त्रेलेव ते अँडीजच्या पायथ्याचं एस्केल गाव सुमारे 600 किलोमीटर. रात्रीच्या बसने आठ-नऊ तास. पण रस्ता पाहण्यासारखा आहे, म्हणून गाडी करून दिवसा जावं. पेट्रोल मिळेल तिथे भरावं. लास प्लुमास, लोस आल्तारेस, पासो दे इंदिओस आणि तेका एवढीच ठिकाणं, आणि पंपावर साठा संपलेला असू शकतो. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, नाहीतर दार उघडताच वारा ते बिजागरीसकट मुरगळतो. संध्याकाळी गुआनाको रस्त्यावर येतात, अंधार पडण्याआधी पोचावं.

लास प्लुमासजवळ हुतात्म्यांचं खोरं आहे. 4 मार्च 1884 ला सोनं शोधायला निघालेल्या चौघा वेल्श तरुणांवर हल्ला झाला. तिघे मारले गेले. जॉन डॅनियल एव्हान्स घोड्यावरून खोल घळ ओलांडून निसटले. घोड्याचं नाव मालाकारा. ही कथा सांगताना तिची पार्श्वभूमीही सांगायला हवी. त्याच वर्षांत अर्जेंटिनाचं सैन्य मूळ रहिवाशांना संपवत आणि हुसकावत दक्षिणेला सरकत होतं. हल्ला करणारे त्या मोहिमेने पिटाळलेले होते. हा एक प्रसंग सोडला तर वेल्श आणि तेवेल्चे यांच्यात रक्त सांडलं नाही. मैत्री मात्र तेवेल्चेंना वाचवू शकली नाही.

लोस आल्तारेसला, साधारण निम्म्या वाटेवर, नदीच्या दोन्ही अंगांना तांबड्या दगडाचे सुळके उभे राहतात. जेवणाला तिथेच थांबावं.

मंगळवार : त्रेवेलिन

एस्केलहून 25 किलोमीटरवर त्रेवेलिन. वारा इथे मऊ होतो, बर्फाळ डोंगर दिसतात, गवत गुडघ्याएवढं असतं. 1885 मध्ये राज्यपाल लुईस होर्खे फोंताना यांच्याबरोबर तीसेक बंदूकधारी घोडेस्वार, बहुतेक वेल्श, खोऱ्यातून पश्चिमेला आले आणि 25 नोव्हेंबरला ही दरी त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी तिला कुम हव्रिद म्हटलं, म्हणजे सुंदर दरी.

जुन्या पिठाच्या गिरणीत प्रादेशिक संग्रहालय आहे. मालाकाराची कबर एव्हान्स यांच्या वंशजांच्या आवारात आहे. घोडा 1909 मध्ये मेला. तिथल्या लहान घरात एव्हान्स यांचं सामान पाहायला मिळतं आणि घरची माणसं स्वतः माहिती देतात. स्पॅनिश येत नसेल तर फोनवर भाषांतराची सोय आधीच डाउनलोड करावी, दरीत नेटवर्क धड नसतं.

एस्केलच्या रस्त्यावर, कोरिंतोस नदीपाशी, 18 क्रमांकाची शाळा आहे. 30 एप्रिल 1902 ला सीमा ठरवायला आलेले सर थॉमस होल्डिच यांच्यासमोर इथल्या वेल्श शेतकऱ्यांना विचारण्यात आलं की तुम्ही अर्जेंटिनाचे की चिलीचे. त्यांनी अर्जेंटिना निवडला आणि सीमारेषा त्यांच्या पश्चिमेला आखली गेली. वेल्श राहण्यासाठी घर सोडलेल्या माणसांनी सदतीस वर्षांत नव्या देशाच्या बाजूने असा कौल दिला. वेल्श आणि अर्जेंटाइन असण्यात इथे कुणाला ओढाताण वाटत नाही. शाळेच्या अंगणात दोन्ही झेंडे एकाच वाऱ्यावर फडकतात.

ट्यूलिपची शेतं गावाबाहेर आहेत, प्रवेशशुल्क आहे. ऑक्टोबरच्या शेवटी फुलं ऐन बहरात असतात, नोव्हेंबर लागला की खुडणी सुरू होते, तेव्हा फुलं कापली जातात आणि कंद जमिनीत वाढायला ठेवतात. सकाळी नऊच्या आत गेलं तर ऊन मागच्या बाजूला राहतं आणि डोंगर स्वच्छ दिसतात. नान्त इ फॉलचे धबधबे दुपारसाठी ठेवावेत. एस्केलची 75 सेंटिमीटर रुंदीची वाफेची रेल्वे आठवड्यातले ठरावीकच दिवस धावते, तिचं वेळापत्रक पाहूनच मुक्काम ठरवावा. बारिलोचेला जायला एस्केलहून बस मिळतात, चार-पाच तासांचा रस्ता. डावीकडची खिडकी मागावी आणि तिकीट एक दिवस आधी काढून ठेवावं, कारण शनिवार-रविवारी जागा राहत नाहीत.